रोपवे आहे म्हणून रायगड सोपा होत नाही

कांदिवलीच्या एका गृहस्थांनी विचारलंय: घरात आम्ही पाच जण. आई ६७ वर्षांची, गुडघे दुखतात. बाबा ७२ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. मुलगा नुकताच चौथीची परीक्षा देऊन मोकळा झालाय आणि वर्षभर पुस्तकात वाचलेला रायगड बघायचाच म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलंय. मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी पहाटे गाडी काढायची, रोपवेने वर जायचं, सगळं बघायचं, रात्री घरी. रोपवे असल्यामुळे आईला त्रास होणार नाही. जमेल ना? आणि गाइड घ्यावा का?

जमेल. पण जसं ठरवलंय तसंच केलंत, तर आई पुन्हा कुठल्याही किल्ल्याचं नाव घरात काढू देणार नाहीत.

मी लालबागला राहतो. चोवीस वर्षं शनिवार-रविवारी मुंबईकरांना किल्ल्यांवर घेऊन जातोय. सुरुवातीची दहा-बारा वर्षं बरोबर कॉलेजची पोरं असायची. मग त्या पोरांची लग्नं झाली आणि एकेकाचा फोन यायला लागला, "दादा, आईबाबांना रायगड दाखवायचाय." हल्ली माझ्या गटातली निम्मी माणसं साठीच्या पुढची असतात. पोरांना नेताना मी वाटेचा विचार करायचो. यांना नेताना घड्याळाचा करतो.

तुमच्या प्रश्नात रोपवे दोनदा आलाय, म्हणून आधी तेच बोलू. पायथ्याच्या हिरकणीवाडीतून वर जाणारा हा रोपवे १९९६ साली सुरू झाला आणि साधारण साडेचौदाशे पायऱ्यांची चढण पाचेक मिनिटांत संपवतो. ज्येष्ठांसाठी ही फार मोठी सोय आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो फक्त चढण वाचवतो. वरचं चालणं, डोक्यावरचं ऊन आणि पायथ्याची रांग वाचवत नाही. तुमच्या बेतात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी, तीही भर दुपारी समोर येतात.

हिशोब मांडूनच बघा. कांदिवली ते गडाच्या पायथ्याचं पाचाड दोनशे किलोमीटरच्या आसपास. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याने ऐरोली, तिथून पनवेल, मग गोवा महामार्ग. (अटल सेतूचा फायदा आम्हा लालबागकरांना. तुम्हाला तो वळसाच पडेल.) पहाटे पाचला निघायचं ठरलं की पाच माणसांचं कुटुंब साडेपाचला निघतं, हा निसर्गनियम आहे. पेणला नाहीतर वडखळला चहा-नाश्ता, आईंसाठी एक थांबा, बाबांसाठी एक. माणगाव, लोणेरे, महाड. महाडहून आत वळलात की नाते, कोंझर, पाचाड असा अजून चोवीस-पंचवीस किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता, तिथे तुमचे चिरंजीव ओकणार. हिरकणीवाडीत पोचेपर्यंत साडेदहा-अकरा. मे महिन्यातला शनिवार म्हणजे रोपवेला रांग. किती, ते दिवसावर आहे. मी पाऊण तासही पाहिलाय आणि अडीच तासही. म्हणजे तुम्ही गडावर पाऊल ठेवणार साडेबारा-एकच्या सुमारास. कातळ तापलेला, सावली जवळजवळ नाहीच, आणि मनात धाकधूक की परतीच्या रांगेत कधी उभं राहायचं.

मी हे एकदा केलंय. २०११ चा मे महिना होता. चौदा जण, त्यातले पाच सत्तरीच्या आसपासचे. सगळ्यांचा आग्रह की मुक्काम नको, खर्च वाढतो. मी हो म्हणालो. दुपारी दीड वाजता होळीच्या माळावर आमच्यातल्या एका काकांच्या पोटऱ्यांत असे गोळे आले की त्यांना पाय जमिनीवर टेकवेना. मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली होती, पण ती गाडीत. त्यांच्या गोळ्याही गाडीत, डॅशबोर्डच्या खणात. गाडी खाली, आम्ही वर. ताक विकणाऱ्या एका बाईंनी त्यांना छपराखाली घेतलं, मीठ घातलेलं ताक दोन-तीन पेले पाजलं, आणि तासाभराने काका उठून बसले. पैसे घ्यायला ती बाई तयार नव्हती. त्या दिवशी आमच्यापैकी कोणीही जगदीश्वराच्या देवळापर्यंत गेलं नाही. घरी पोचलो रात्री साडेबाराला. चूक सगळी माझी. बेत माझा होता.

तेव्हापासून माझा एकच हट्ट असतो: ज्येष्ठांना घेऊन रायगड करायचा तर आदल्या रात्री पाचाडला मुक्काम. शनिवारी दुपारचं जेवण उरकून निघा, संध्याकाळी पोचा. पाचाड आणि आसपास घरगुती राहण्याजेवणाची सोय होते. भाकरी, पिठलं, भात असं साधं, पण गरम जेवण मिळतं. गडावरही थोडी राहायची सोय आहे, पण आईबाबांसाठी मी खालचीच सुचवेन. रात्री काही दुखलं-खुपलं तर गाडी दारात हवी.

मुक्कामाने खर्च वाढतो हे खरं. पण मुंबईच्या पाहुण्याने रायगड चढण्याआधी पाचाडला थांबायचं ही काही मी काढलेली प्रथा नाही. १६७४ साली राज्याभिषेकासाठी मुंबईहून आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडेनसुद्धा मे महिन्यातच निघाला होता. चौलमार्गे तो पाचाडला आला. महाराज तेव्हा भवानीच्या दर्शनाला प्रतापगडाला गेलेले. मग तो खाली थांबला आणि त्यानंतर वर गेला. गडावर त्याला हत्ती दिसले आणि हे एवढे अवजड जनावर या उभ्या कड्यावर आणलं कसं, याचं त्याला नवल वाटलं. ही गोष्ट मुलाला गाडीत सांगू नका. हत्ती तलावाच्या काठावर उभं राहून सांगा, आणि तोच प्रश्न त्याला विचारा. माझ्या गटातल्या एका पोरीने ताबडतोब उत्तर दिलं होतं, "पिल्लू असताना आणला असेल." गाइड लोकही हेच सांगतात.

मुक्कामाचा आणखी एक फायदा म्हणजे पाचाड स्वतःच बघायची जागा आहे, आणि ती सपाटीवर आहे. जिजाऊंचा वाडा आणि जिजाऊंची समाधी. राज्याभिषेक ६ जून १६७४ ला झाला आणि १७ जूनला जिजाऊ गेल्या. वाड्याचे आता चौथरे, तटबंदी आणि विहीर एवढंच उरलंय, पण संध्याकाळी साडेपाच-सहाला तिथे बसा. गडाची काळी भिंत समोर उभी असते. मी पाहिलंय की घरातल्या आजीला रायगडापेक्षा ही जागा जास्त भावते. काही न बोलता बसून राहतात. आईंनी दुसऱ्या दिवशी वर यायला नकार दिला तरी त्यांची सहल फुकट गेली असं होणार नाही.

आता गुडघ्यांबद्दल. इथे मी ठाम काही सांगू शकत नाही, कारण "गुडघे दुखतात" या दोन शब्दांत खूप काही येतं. भाजी आणायला अर्धा तास चालतात आणि रात्री तेल लावतात, असंही असतं. आणि खुर्चीतून उठताना दोन हात लागतात, असंही असतं. डॉक्टरांचं मत घ्याच, पण त्याआधी माझी एक घरगुती परीक्षा घ्या. आईंना एका सकाळी कांदिवली स्टेशनचा पूल चढून पलीकडे उतरायला लावा. सरकता जिना आणि लिफ्ट बंद आहे असं समजा. चढताना दम लागला तर फार मनावर घेऊ नका, वर तो थांबून-थांबून भागतो. उतरताना बघा. सरळ उतरतात, की कठडा धरून, अंग तिरकं करून, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत? सरळ उतरल्या तर जगदीश्वरापर्यंतसुद्धा जातील. तिरक्या उतरल्या तर राजसभेपर्यंतच. आणि मध्येच "अगं बाई" करून उभ्याच राहिल्या तर पाचाडचा वाडा आणि समाधी, बास. लोकांना वाटतं गुडघ्याला चढण जड जाते. गुडघ्याची खरी हालत उतरणीवर होते, आणि रायगडाच्या माथ्यावर उतरण्या भरपूर आहेत.

कारण रोपवेचं वरचं स्थानक म्हणजे काही राजसभेचं दार नव्हे. तिथून पायऱ्या चढून मेणा दरवाज्यातून आत यावं लागतं. मग राणीवशाचे चौथरे, राजभवन, राजसभा, नगारखाना. नगारखान्यातून बाहेर पडलात की होळीचा माळ, डाव्या हाताला शिरकाईचं देऊळ, समोर बाजारपेठ. बाजारपेठ ओलांडल्यावर वाट खाली-वर होत जगदीश्वराकडे जाते. रोपवेपासून तिथल्या महाराजांच्या समाधीपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे तीन किलोमीटरच्या आसपास चालणं धरा, तेही दगडांवरून, वर-खाली. जुन्या दगडी पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नसतात. स्टेशनच्या पुलावर पायाला अंदाज येतो, इथे येत नाही. म्हणून आईंच्या हातात काठी द्या. आधार म्हणून मुलाचा खांदा असतोच, पण मुलगा पाच मिनिटांत पुढे पळतो.

आतापर्यंतचं थोडक्यात: एक दिवस नको, दोन करा. आदली रात्र पाचाडला. आई कुठवर जातील ते पुलावर ठरवा, गडावर ठरवू नका. वर गेल्यावर कुणालाही "आता तुम्ही इथेच बसा" म्हणणं अवघड जातं, आणि समोरच्याला ऐकणं त्याहून अवघड.

रविवारची सकाळ मी तुमच्या जागी असतो तर अशी लावली असती. तुम्ही आणि मुलगा उजाडता उजाडता चित् दरवाज्याकडून पायऱ्यांनी निघा. प्रवेश किती वाजता सुरू होतो ते आदल्या संध्याकाळी पाचाडला विचारून ठेवा. नऊ-दहा वर्षांचं पोर थांबत, बसत, खाऊ खात दीड-दोन तासांत वर पोचतं. आईबाबा आणि तुमच्या पत्नी पहिल्या फेऱ्यांपैकी एखाद्या रोपवेने या. रोपवे सुरू होण्याआधी अर्धा तास तिकिटाच्या खिडकीपाशी उभं राहिलं की दुपारची अख्खी रांग वाचते. आधी आरक्षण मिळत असेल तर तेही करा. भेटायची जागा पक्की ठरवा, कारण गडावर मोबाइलची रेंज भरवशाची नाही. होळीच्या माळावरचा महाराजांचा पुतळा ही चुकू न शकणारी जागा.

मुलाला पायऱ्यांनी न्या असं सांगतोय त्यामागे महादरवाजा आहे. रोपवेने येणाऱ्याला तो लागतच नाही, आणि माझ्या मते सबंध रायगडावर मुलाला दाखवण्यासारखी ती सगळ्यात शहाणी जागा आहे. खालून चढताना दरवाजा दिसत नाही. दोन उंच बुरूज दिसतात, एक साधारण ७५ फुटांचा, दुसरा ६५ फुटांचा. त्यांच्या मधल्या बोळात वळेपर्यंत कळत नाही की दार इथे आहे. म्हणजे शत्रू दारासमोर येतो तेव्हा तो दोन्ही बुरुजांच्या माऱ्याखाली असतो, आणि हत्तीला धडक मारण्यासाठी मागे सरून धाव घ्यायला जागाच नसते. मुलाला आधी काही सांगू नका. दोनशे पावलं अलीकडे थांबवून विचारा, दार कुठे असेल? मी आजवर विचारलेल्यांपैकी बहुतेकांनी चुकीकडे बोट दाखवलंय, मोठ्यांनीसुद्धा.

उतरताना मात्र त्यालाही रोपवेनेच आणा. दमलेलं पोर पायऱ्या उतरताना उड्या मारतं.

वर सगळे भेटलात की राजसभेपासून सुरुवात करा. सुमारे २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद अशी ही मोकळी जागा आहे. एका टोकाला सिंहासनाच्या जागी मेघडंबरी, दुसऱ्या टोकाला नगारखाना. आजोबांना मेघडंबरीच्या बाजूला उभं करा, नातवाला नगारखान्याकडे पाठवा आणि त्याला कागदाचा कपटा फाडायला सांगा, किंवा हळू आवाजात काही बोलायला. गर्दी नसेल तर स्पष्ट ऐकू येतं. गर्दीत काहीच ऐकू येत नाही, म्हणून हे सकाळी नऊच्या आत व्हायला हवं. एका आजोबांच्या नातवाने तिकडून कुजबुजत विचारलं होतं, "आबा, शू लागली." ऐकू आलं.

बाजारपेठेत समोरासमोर दोन रांगा आहेत, उंच जोत्यांच्या. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून जोती एवढी उंच, असं गाइड हमखास सांगतात. ऐकायला छान आहे, पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. ही दुकानं नव्हतीच, असं म्हणणारेही आहेत. मुलाला दोन्ही सांगा. दहाव्या वर्षी "मोठ्यांनाही नक्की माहीत नसतं" हे कळलेलं बरं.

आई इथपर्यंत येऊन थांबणार असतील तर सावली बघून बसवा आणि पत्नी किंवा बाबा यांपैकी एकाला त्यांच्याबरोबर ठेवा. एकटं ठेवू नका. गडावर काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्याकडे ताक, लिंबू सरबत मिळतं आणि आधी सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरीही. आईंची त्या बायकांशी पाच मिनिटांत ओळख होते, हा माझा अनुभव. आपण परत येतो तोवर मुलींची लग्नं कुठे दिली इथपर्यंत गप्पा गेलेल्या असतात.

बाकीच्यांनी जगदीश्वराकडे जा. तिथे दोन लेख बघा. एक मंदिराच्या भिंतीवरचा मोठा संस्कृत शिलालेख, ज्यात गडावरच्या विहिरी, तळी, प्रासाद यांची नोंद आहे. दुसरा पायरीवरचा, एवढासा. गर्दीत शंभरातले नव्वद लोक त्याच्यावरून पाय टाकून जातात. ‘सेवेचे ठायी तत्पर’ आणि पुढे हिरोजीचं नाव. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं. मुलाला खाली बसवून अक्षरांवरून बोट फिरवू द्या. ऊन तिरपं असताना अक्षरं नीट उठून दिसतात, डोक्यावर आलं की दगडात मिसळून जातात. सकाळच्या वेळेचा माझा आग्रह याहीसाठी. समाधी तिथून अगदी जवळ आहे. ३ एप्रिल १६८० ला महाराज याच गडावर गेले. तिथे काय सांगायचं ते मी सांगणार नाही. मीही तिथे गटाशी बोलत नाही.

टकमक टोक आईबाबांसाठी नको. उतार आहे, पुढे वारा असतो आणि फोटोसाठी रेटारेटी होते. मुलाला न्यायचं तर हात धरून, आणि कठड्याच्या अलीकडून. हिरकणी बुरुजाची गोष्ट मुलाला पाठ असेलच. ती लांबून बुरूज दाखवत आईंनाच सांगू द्या.

साडेअकरा-बाराच्या आत रोपवेने खाली. त्या वेळी वर येणाऱ्यांची रांग मोठी असते, खाली जाणाऱ्यांची नसते. तुमच्या मूळ बेतात तुम्ही नेमके या वेळी वर येणार होतात.

महिन्याबद्दल. मी मे महिना साफ नको म्हणेन. ऊन तर आहेच, शिवाय शाळांना सुट्टी म्हणून गर्दी. बाबांच्या गोळ्यांचंही डॉक्टरांना विचारून घ्या. काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि उन्हात अंगातलं पाणी लवकर उतरतं. मेच करायचा असेल, मुलाचा उत्साह नोव्हेंबरपर्यंत टिकणार नसेल, तर वर सांगितलेली सकाळ अजून अर्धा तास अलीकडे ओढा आणि जगदीश्वर सोडून द्यायची मनाची तयारी ठेवा.

पावसाळ्यात ज्येष्ठांना नेऊ नका. फोटो पाहून मोह होतो हे मान्य. पण धुक्यात दहा फुटांपलीकडे काही दिसत नाही, दगडांवर शेवाळ असतं आणि वाऱ्यापावसात रोपवे थांबवावा लागतो. मग वरची माणसं वरच. जुलै २०२४ मध्ये गडावर असा पाऊस झाला की पायऱ्यांवरून लोंढे वाहत होते आणि पर्यटक अडकले. त्यानंतर गड काही दिवस बंदच ठेवला होता. खाली महाडला सावित्रीचा पूर वेगळाच. २०२१ च्या जुलैत तो कसा आला होता ते महाडकरांना विचारा.

चांगला काळ नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. सकाळी गारवा, हवा स्वच्छ. त्यातही एक पेच आहे. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात, लाल गाड्या भरभरून, आणि त्या आठवड्याच्या मधल्या दिवशीही असतात. त्यामुळे "मंगळवारी गेलो की गर्दी नाही" हे गणित त्या दोन महिन्यांत चुकतं. फेब्रुवारीचा पहिला-दुसरा आठवडा मला सगळ्यात आवडतो. पण १९ फेब्रुवारीच्या जवळ नको. ६ जून, तिथीचा राज्याभिषेक म्हणजे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, आणि चैत्री पौर्णिमा, हे दिवसही ज्येष्ठांसाठी टाळा. तो सोहळा बघण्यासारखा असतो, मी स्वतः अनेकदा गेलोय, पण त्या दिवशी गाड्या बऱ्याच अलीकडे थांबवतात आणि पुढे चालावं लागतं. आणखी एक: जुलै २०२५ मध्ये रायगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. ज्यांना एरवी किल्ल्यांशी देणंघेणं नव्हतं तेही आता विचारायला लागलेत, हे माझ्या फोनवरूनच कळतं. तेव्हा शनिवार-रविवारची गर्दी कमी होईल अशी आशा धरू नका.

गाइड घ्या. मुलासाठी तर घ्याच, कारण बापाने सांगितलेलं मुलं ऐकत नाहीत. स्थानिक माणूस घ्या, आधीच दोन गोष्टी बोला: किती पैसे, आणि किती वेळ. आईंच्या चालीने चालायचं हेही सांगून ठेवा. नाहीतर काही जण दीड तासात गड उरकतात आणि पुढचा गट पकडतात. आणि एखादी गोष्ट फारच रंगवून आली तर मुलासमोर वाद घालू नका, परतताना गाडीत बोला.

पिशवीचं एकच सांगतो, काकांच्या पोटऱ्यांनी शिकवलेलं. औषधं, मीठ-साखरेचं पाणी, टोप्या आणि एक टॉर्च हे सगळं अंगावरच्या पिशवीत असलं पाहिजे. गाडीत ठेवलेली वस्तू गडावर नसल्यासारखीच. रोपवे वाऱ्याने तासभर थांबला तर तुमच्याकडे जे आहे तेच. आईंना चपला नकोत, मागे पट्टा असलेल्या सँडलही नकोत. तळाला खाचा असलेले बूट घ्या, आणि महिनाभर आधी घ्या, म्हणजे रोजच्या चालण्यात ते पायाला बसतील. नवे बूट गडावर पहिल्यांदा घालणं म्हणजे फोडांना आमंत्रण. बायकांसाठी स्वच्छतागृहाचा प्रश्न वर अवघडच असतो, म्हणून पायथ्याला उरकूनच केबिनमध्ये बसा. उंचीची भीती कुणाला असेल तर आधी विचारा. दोर जवळजवळ उभाच वर जातो. अशा माणसाला डोंगराकडे तोंड करून बसवा.

परतीच्या वाटेवर महाडला चवदार तळं बघायला थांबा. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांनी जिथे सत्याग्रह केला ते हे तळं, गावातच आहे, सपाटीवर आहे, आणि आईंना काठीशिवाय फिरता येईल. तिथून चारच्या आत निघालात तर रात्री साडेनऊपर्यंत कांदिवली. वडखळ-पेण भागात रविवारी संध्याकाळी अलिबागकडून येणाऱ्या गाड्या मिसळतात. फार तुंबलं असेल तर वाकणहून आत वळून पाली-खोपोली करून द्रुतगती मार्ग पकडा. अंतर वाढतं, डोकं शांत राहतं.

आधी पुलाची परीक्षा घ्या आणि उतरताना काय झालं तेवढं मला कळवा. त्यावरून बाकीचं पक्कं करू.